जाळ्याचं शिसं आणि मल्लूचं चाक

सकाळचे दहा. तुळजापूर, मोटार स्टँडजवळचं बसप्पाअण्णांचं सायकल दुकान. निजामी राजवटीची शेवटची वर्षं. बातमीदार म्हणून मी रोज तिथं बसायचो. छापलेल्या बातम्या दुसऱ्या दिवशी पुड्या बांधायला जायच्या. न छापलेल्या माझ्याकडंच साठत गेल्या. त्यातलीच ही एका चाकाची.

अण्णांचा मिस्त्री मल्लू यानं मोडक्या सायकलीतून एकचाकी सायकल बनवली होती. सोलापुरात सर्कस उतरली होती. मालकाची अट एकच: डोक्यावर भरली घागर घेऊन रिंगणाला फेरी, थेंब सांडला नाही तर नोकरी. पण चाक हलकं. पायडल सरळ वर-खाली आलं की अडखळायचं आणि घागर हिंदकळायची.

"चाक जड पायजे अण्णा. जड चाक एकदा फिरलं की आपल्या जोरावर जातंय."

"सगळे सायकल हलकी करायलेत, अन् तुला जातं पायजे?" अण्णा म्हणाले. पण पाना त्यांनीच आधी उचलला.

*

पहिल्यांदा ट्यूबमध्ये अर्धं पाणी भरलं. मल्लू झोकात निघाला आणि कवड्यांच्या माळांच्या दुकानात शिरला.

"थांबता येत न्हाय व्हय रं?" दुकानवाल्या मावशी ओरडल्या.

"म्या थांबलो मावशी. आतलं पाणी थांबंना."

*

मग लोहारनाना. त्यांनी आयुष्यभर बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धाव चढवलेली. धाव लाल तापवायची, चाकावर बसवायची, वर पाणी ओतायचं. ती आवळते आणि लाकूड घट्ट होतं. नानांनी टायर काढून सायकलच्या रिमवर तेच केलं. धाव आवळली. रिमचा पापड झाला.

नानांनी रिम उचलून डोळ्यासमोर धरली. मग म्हणाले, "चाकात लाकूडच न्हाय तर धाव काय करंल?"

*

अखेर तेर गावी नदीवर मासे धरायला जाळी टाकणाऱ्यांकडून जाळ्याला वजन म्हणून बांधायचे शिशाचे मणी आणले. नव्या रिमवर स्पोकांच्या मधे तारेनं बांधले. चाक फिरवायचं, थांबताना जी बाजू खाली येईल ती जास्त जड, तिथला एक मणी काढायचा. चार दिवस हाच उद्योग. पाचव्या दिवशी मल्लूनं भरली घागर घेऊन स्टँडला फेरी मारली. थेंब सांडला नाही. अण्णांनी घागरीत बोट घालून पाणी आहे ना, ते तपासलं.

*

दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या वाटेवर निजामाच्या सरहद्दीच्या नाक्यावर त्याला अडवलं. मी सोबत होतो.

"सीसा काय कू? गोलियां ढालने कू?" अंमलदारानं विचारलं. शिसं बंदुकीच्या गोळ्या ओतायलाच नेतात, हा त्याचा संशय.

"न्हाय साहेब, चाक जड कराया. दाखवतो."

मल्लू नाक्याचीच घागर डोक्यावर घेऊन फिरला. पहारेकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. अंमलदारानंही. मग चाक जप्त केलं. पावती माझ्यासमोर लिहिली: चाक एक, शिशासकट, चौकशीसाठी.

सर्कस त्याच आठवड्यात पुढं गेली. मल्लू पंक्चर काढत राहिला. मी तीन अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही.

निजामाचं राज्य गेल्यावर पावती घेऊन आम्ही दोघं नाक्यावर गेलो. चाक मिळालं. रिम होती, टायर होता, स्पोक सगळे होते, मणी बांधलेल्या तारासुद्धा होत्या.

मणी एकही नव्हता.