साडूच्या बगळ्याला टक्कर

माझ्या सासुरवाडीच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या वर, साडूने काढलेला बगळ्याचा फोटो टांगलेला आहे आणि मी तो अजून पाडलेला नाही.

बगळा! आमच्या माकुणसारमध्ये ज्याच्याकडे कोणी मान वळवून बघत नाही, तो. नांगरणीला ट्रॅक्टर निघाला की मागे ढीगभर चालतात. पण बोईसरच्या कंपनीत असलेल्या माझ्या साडूने, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, प्रदीपने, हातभर लांब लेन्सचा कॅमेरा घेतला आणि उमरोळीला सासऱ्यांच्या बांधावर पालथं पडून तो बगळा टिपला. तेव्हापासून सासरे, म्हणजे अप्पा, पाहुण्याला आधी बगळ्यापुढे उभं करतात आणि मग पाणी विचारतात.

"काय बगळा काढलाय प्रदीपरावांनी! जिवंत हाय नुसता!"

मी सणासुदीला वाडीतले नारळ, केळ्यांचे घड नेऊन देतो. (नारळाला कोणी "जिवंत हाय" म्हटलेलं मला आठवत नाही.) त्यात माझी स्वतःची बायको, माधवी, दर वेळी त्या फोटोपुढे थांबून म्हणते, "अहो, पीस न् पीस दिसतंय!" स्पष्टच सांगतो, माझा जळफळाट व्हायचा. त्या हॉलमध्ये माझा फोटो लागल्याशिवाय मला सासुरवाडीचं जेवण गोड लागणार नव्हतं.

म्हणून बोरिवलीच्या नॅशनल पार्कात भल्या पहाटे गाइडबरोबर फोटो काढायची फेरी असते आणि आपण जाणार आहोत, असं प्रदीपने घरच्या ग्रुपवर टाकल्याबरोबर मी लिहिलं, "आमीपण येतो!"

"तुमी?" माधवी स्वयंपाकघरातून ओरडली. "तुमच्या फोटोत निम्मं तर तुमचंच बोट असतं!"

मी सफाळ्याच्या बंटीकडून कॅमेरा मागून आणला. बंटी हळदी-लग्नाचे फोटो काढतो. तो जरा काळजीतच म्हणाला, "काका, याच्यावर आजपर्यंत फक्त नवऱ्या काढल्यात."

"मग पक्षी काय निराळा? तोपण नटलेलाच असतो!"

पहाटे प्रदीपच्या गाडीतून तो, मी आणि माधवी असे तिघं पार्कात पोचलो. रंग भडक नको, अशी सूचना होती. सगळी मंडळी मातकट कपड्यांत आली होती. माझ्याकडे हिरवा टी-शर्ट एकच, कीटकनाशकवाल्यांनी फुकट दिलेला. पाठीवर पिवळ्या अक्षरांत 'एका फवाऱ्यात किडींचा खातमा!' गाइडने ते वाचलं आणि सगळ्यांना सांगितलं, "बोलायचं नाही, धावायचं नाही, कुठल्याच जिवाला त्रास द्यायचा नाही." सांगताना तो माझ्याकडेच बघत होता.

पहिल्याच वळणावर झाडाच्या ढोलीत पिंगळा बसलेला दिसला. सगळे चिडीचूप. मी बटण दाबलं आणि बंटीचा फ्लॅश असा काही चमकला, की पिंगळ्याने डोळे मिटले आणि गाइडनेही!

"काका, फ्लॅश बंद करा!"

"तो बंद होत नाय! बंटीने चिकटपट्टी मारून ठेवलाय!"

शेवटी माधवीने त्याच्यावर माझा रुमाल गुंडाळला. तोवर प्रदीपचं काम झालं होतं. "अगंबाई, पिंगळ्याच्या डोळ्यांत झाड दिसतंय!" त्याच्या कॅमेऱ्यात डोकावून माधवी म्हणाली. मी माझा फोटो बघितला. त्यात प्रदीपची पाठ आली होती, पांढरी फटक.

मग गाइडने आम्हांला एका ओहोळापाशी नेलं. तिथे म्हणे रोज सकाळी स्वर्गीय नर्तक पाण्यावर येतो. एवढासा पक्षी, पण पांढरी शेपटी लांबलचक. यापुढे बगळा म्हणजे किस झाड की पत्ती! मी कोपर मारून सगळ्यांच्या पुढे घुसलो.

"दादा, मला दिसत नाहीये," प्रदीप कुजबुजला.

"तुमचा बगळा झालाय. आता माझी पाळी!"

आणि तो आला! समोरच्या फांदीवर बसून त्याने शेपूट अशी झुलवली, की मला हॉलमधली फ्रेमच दिसायला लागली. मी श्वास रोखला, नेम धरला, बोट बटणावर नेलं आणि तेवढ्यात डोक्यावरच्या उंबरावर पोपटांचा थवा किंचाळत उतरला.

आता एक सांगायला हवं. ते भात पिकायचे दिवस होते आणि रोज उजाडताच शेतातल्या माळ्यावर चढून मी पोपटच हाकलत होतो. पोपटाची किंकाळी कानात शिरली, की आमच्या घरात कोणी डोक्याला विचारत नाही. आवाज परस्पर बाहेर पडतो.

"हाऽऽऽ हुर्रर्रर्र! हाड् तुझ्या! हुर्यो!"

दोन्ही हात वर, दणादण टाळ्या, गळ्यात कॅमेरा घंटेसारखा हेलकावतोय! पोपट गेले. नर्तक गेला. पलीकडे चरणारी हरणं गेली. माकडांनी रान डोक्यावर घेतलं आणि ते ऐकून फिरायला आलेली मंडळी "बिबट्या! बिबट्या!" करत फाटकाकडे पळाली.

"काका," गाइड रडवेला झाला, "हे काय केलंत?"

"पोपट... भातावर..."

"इथे भात कुठंय?"

मी वर केलेले हात खाली घेतले. एका गृहस्थांनी माधवीला विचारलं, "ये कौन है?" बरीच वर्षं माझ्याशी संसार केलेल्या त्या बाईने शांतपणे सांगितलं, "पता नहीं."

प्रदीप तेवढा कॅमेऱ्याआड तोंड लपवून गदागदा हसत होता. का, ते दुपारी ग्रुपवर कळलं. त्याने माझाच फोटो काढला होता! जबडा उघडा, गळ्याच्या शिरा ताठ, हात आभाळाला आणि वर उधळलेले पोपट. पीस न् पीस दिसत होतं.

संध्याकाळी अप्पांचा फोन आला. "जावयबापू, तुमचा फोटो लय बेस हाय! मी मोठा करायला टाकलाय!"

माझी छाती फुगली. स्वतः काढला नसला तरी फोटो माझा होता! पुढच्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून मी उमरोळीला गेलो. हॉलमध्ये बगळा जागच्या जागी होता.

"अप्पा, माझा कुठं लावलाय?"

"चला, दावतो."

ते मला मागच्या दाराने शेतात घेऊन गेले. उभ्या भाताच्या मधोमध, दोन बांबूंना ताणून बांधलेला पुरुषभर उंचीचा फ्लेक्स. त्यात मी!

"लावल्यापासून एक पोपट खाली उतरला नाय!" अप्पांनी माझी पाठ थोपटली. "शेजारचापण मागतो हाय!"

मी तेही गिळलं असतं. पण जवळ जाऊन बघतो तर खालच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत छापलं होतं, 'छायाचित्र: प्रदीपराव, बोईसर'. माझं नाव मी फ्लेक्सच्या मागे जाऊनही शोधलं. नव्हतं. बुजगावण्याचं नाव घालायची पद्धत नसते म्हणे!