भिमाबाईच्या मांडीवरचा कृष्ण

सिल्वासाच्या टोकरखाड्यातून आम्ही सहा जणी कारखान्यात जायचो त्या भिमाबाईच्या जिवावर. धुळ्याकडची विधवा, स्वतःचं मूल नाही; दहा वर्षं आमच्यासारख्यांची पोरं सांभाळून तिची चूल पेटायची. माझी प्राजक्ता घरी आली की तिच्याच नावानं रडायची, आणि खरं सांगते, मला त्याचा रागच यायचा.

आमच्याच चाळीत वरच्या मजल्यावर दत्तात्रय मास्तर राहायचे, रत्नागिरीकडचे, शाळेत चित्रकला शिकवायचे. पाचशे वर्षांपूर्वी भागवताच्या पोथ्यांत असायची तशी इवलीशी चित्रं ते काढायचे. लालभडक पार्श्वभूमी, खारीच्या केसांचा ब्रश, एका बाजूनं दिसणारे मोठ्या डोळ्यांचे चेहरे. हात सोन्याचा, मन मात्र कोरडं ठणठणीत. कृष्णाला पाजणारी बाई काढायचीय म्हणून त्यांनी भिमाबाईला चार रविवार समोर बसवलं. आपण यशोदा होणार म्हणून ती न्हाऊनमाखून बसायची. मास्तर हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत.

शाळेत प्रदर्शन लागलं तेव्हा ठेवणीतलं लुगडं नेसून तीच आम्हाला ओढून घेऊन गेली. शेजारच्या रोशनीनं तिथं ठेवलेलं भिंग चित्रावर धरलं. हनुवटीवरचा तीळ, फाटलेली कानाची पाळी, हुबेहूब भिमाबाई. कृष्ण तिच्या छातीशी होता. त्याच चित्रात पुढे तीच बाई राक्षसीण होऊन गावभर आडवी पडली होती आणि गवळी कुऱ्हाडींनी तिचे तुकडे करत होते. खालची ओळ रोशनीनं मोठ्यानं वाचली. पूतनावध.

भिमाबाईला वाचता येत नव्हतं, पण ऐकू तर येत होतं.

संध्याकाळपर्यंत फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर. त्याच आठवड्यात भिमाबाईकडे असणाऱ्या रोशनीच्या पोराला, भावेशला, जुलाब लागले आणि लोकांना तेवढं पुरलं. पूतना मावशी हे नाव कुणी पाडलं विचारू नका. मी हसले होते, एवढं सांगते. महिन्याभरात तिच्याकडे एकही पोर उरलं नाही.

ती जिना चढून मास्तरांकडे गेली. "मास्तर, तेवढं तोंड पुसी टाका ना."

"पहिला नंबर मिळालाय चित्राला, बाई," मास्तर म्हणाले. "असं तोंड पुन्हा साधायचं नाही."

काल प्राजक्ता रांगत रांगत तिच्या दारात गेली. भिमाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि पोरीला घेऊन जायला मला हाक मारली. "मंजुषा, पोरले लई जाय." आपण हातही लावला नाही, असं तिनं दोनदा सांगितलं.

मी पोरीला उचललं आणि भिमाबाईच्या देखत तिच्या तोंडाचा वास घेतला.