जुनेराचे पाच तुकडे

आमच्या मंडळाचं कुणी कौतुक केलं की माझं डोकं फिरतं. अजूनही. परवा एका लग्नात मंडळातली एक जुनी मैत्रीण भेटली आणि गळ्यात पडून म्हणाली, "काय दिवस होते गं ते! किती जीव लावायचो एकमेकींना!" मी हातातली आइस्क्रीमची वाटी तशीच टेबलावर ठेवली आणि हॉलच्या बाहेर जाऊन उभी राहिले. लोकांच्या लग्नात तमाशा नको म्हणून.

जीव लावायचो म्हणे!

ऐंशीचं दशक संपत आलेलं. डोंबिवली पूर्वेला अध्यक्षबाईंच्या घरी आम्ही बारा जणी दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच जमायचो. अध्यक्षबाईंना सगळ्या वहिनी म्हणत. आठवडाभरात हातानं जे काही शिवलं-विणलं असेल ते पिशवीतून काढून सतरंजीवर मधोमध ठेवायचं. संक्रांतीच्या आधी काळी झबली आणि हलव्याचे दागिने, गणपतीच्या आधी मण्यांची तोरणं, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की रुखवताचे भरतकाम केलेले रुमाल. प्रत्येक वस्तू आधी उलटी करून बघायची. टाके कसे घातलेत ते मागच्या बाजूनंच कळतं ना! मग "अगं बाई, केवढा बारीक टाका हा!" आणि पोह्यांच्या बश्या. वाईट होतं असं नाही म्हणत मी. मला तर गुरुवारची वाट बघण्याची सवयच लागली होती.

सगळ्यात मोठं काम दुपट्याचं. मंडळातल्या कुणाची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की प्रत्येकीनं आपल्या घरचं जुनेर आणायचं, म्हणजे नेसून नेसून, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचा तुकडा. नवं कापड चालायचंच नाही. एक तर ते बाळाला टोचतं. आणि दुसरं म्हणजे नवं कापड कुणाचंच नसतं. जुनेर कुणाच्या तरी अंगावरचं असतं. बारा घरांचं जुनेर जोडायचं, आत थर घालायचे आणि सगळ्यांनी चारी बाजूंनी बसून धावदोरा घालायचा. कुठल्या तुकड्याशेजारी कुठला लावायचा, काठ कुठे घ्यायचा, ती मांडणी माझ्याकडे होती. तुकडे गोळा करून पिशवीत ठेवायच्या वहिनी, आणि पिशवी मला द्यायच्या.

ती आमच्यात सगळ्यात शेवटी आली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सकाळच्या पाळीला होती, पश्चिमेला चाळीत राहायची, माहेर शहाडचं. आमच्या बाराजणींत ती एकटी बौद्ध. कुणी तोंडानं म्हणायचं नाही, पण पहिल्याच गुरुवारी आडनाव ऐकल्यावर दोघी-तिघींनी एकमेकींकडे कसं बघितलं, ते मी बघितलंय. तिचा टाका मात्र असा, की सगळ्यांची तोंडं बंद. मशीन काय घालेल! ती मला ताई म्हणायची. गुरुवारी सुटल्यावर पुलापर्यंत आम्ही दोघी बरोबर चालायचो, आणि तेवढ्या वाटेत माझ्या लेकीचं, तिच्या लेकीचं, सासरचं, माहेरचं सगळं बोलून व्हायचं.

ती आल्यावरचं पहिलं दुपटं निघालं तेव्हा पिशवीत अकराच तुकडे. मी वहिनींना विचारलं, "हिचा कुठंय?"

"अगं, रंग जातो त्याचा. बाकीचं खराब होईल."

दहा वर्षं धुतलेल्या साडीचा कसला डोंबलाचा रंग जातो! हे मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणाले, "बरं." घरी दुसरं एक जुनेर होतं, त्याचा तुकडा घालून बारा केले.

दुसऱ्या दुपट्याला विचारलं तर म्हणाल्या, "सिंथेटिक आहे." नव्हतं. तिसरं दुपटं माझ्या स्वतःच्या लेकीचं होतं, आणि तेव्हा मी विचारलंच नाही. लेकीचं बाळंतपण तोंडावर आलेलं, घरात पाहुणे, कशाला वाद, असं काय काय स्वतःला सांगितलं. खोटं सगळं. मला विचारायचं नव्हतं. चौथं आणि पाचवं तशीच झाली. आणि त्या पाचही दुपट्यांना कोपऱ्यात बसून सगळ्यात बारीक टाके कुणी घातले? तिनंच. तिच्या लक्षात आलं नसेल, असं मी तीन वर्षं धरून चालले.

मग तिची लेक आली, सातवा महिना लागल्यावर. त्या गुरुवारी तिनं सतरंजीवर एक लाल कुंची ठेवली, बाळाच्या डोक्यावरून पाठीपर्यंत येणारी, कडेला मोती लावलेली. इतकी सुंदर की वहिनींनीसुद्धा ती दोनदा उलटी करून बघितली. "पुढच्या गुरुवारी मग," ती म्हणाली आणि लाजली. चाळिशी उलटलेली बाई, आजी होणार म्हणून लाजली. पुढच्या गुरुवारी म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा दुपटं तिच्या घरी जाणार होतं.

पुढच्या गुरुवारी कुणीही जुनेर आणलं नाही. एकीनंही नाही. मी आणलेलं. माझ्या पिशवीत होतं, घडी घालून, निळी इरकली. पण बाकीच्या अशा हात मांडीवर ठेवून बसलेल्या की मला आधीच काय ते उमगलं. सगळं ठरलेलं होतं, आणि मी तिच्याबरोबर पुलापर्यंत चालते म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं.

वहिनींनी कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीतलं एक गुलाबी ब्लँकेट काढलं. वर ससा. दुकानातलं. "हे बघा, मुद्दाम नवं कोरं आणलंय. तुमच्या लोकांना कुणी जुनं दिलेलं आवडत नाही ना, म्हणून म्हटलं, मान राखावा."

मान! अंगाचा तिळपापड झाला माझा. आणि मी काय केलं? पिशवीच्या बंदावर हात ठेवून बसले. ती इरकली बाहेर काढायला मला किती वेळ लागला असता? उठायचंसुद्धा नव्हतं.

ती म्हणाली, "वहिनी, उपकार म्हणून अंगावर टाकलेलं आम्ही घेत नाही, ते खरंय. आपलं म्हणून दिलेलं घेतो. त्यातला फरक आम्हाला कळतो." आवाज चढला नाही, काही नाही. हातातल्या रुमालाची कड पुरी केली, दोरा तोडला, सुई डबीत ठेवली आणि निघाली. ब्लँकेट सतरंजीवर तसंच. मी तिच्यामागे धावले नाही. पोहे आले. पोहे खाल्ले आम्ही! आज हे लिहिताना वाटतं, स्वतःच्याच एक थोबाडीत द्यावी.

दुसऱ्या दिवशी इरकली घेऊन तिच्या घरी गेले. लेक आतल्या खोलीत पडलेली. तिनं मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी साडी पुढे केली तशी तिनं माझा हात हलकेच मागे सारला.

"राहू दे, ताई. चाळीतल्या बायकांनी दिलीत जुनेरं. दुपटं होईल माझं. तुम्ही माझे पाच तुकडे तेवढे आणून द्या."

मी साडी परत पिशवीत घातली.

"मी शिवायला बसते तेव्हा बघत नाही का, ताई? पहिल्याच दुपट्यात बघितलं. मांडणी तुमची. मला वाटायचं, आज नाही तर उद्या तुम्ही विचाराल."

मग तिनं सांगितलं. पहिला तुकडा तिच्या आईच्या साडीचा होता. लेक चांगल्या घोळक्यात गेली म्हणून म्हातारीनं स्वतः पदराकडून कापून दिलेला, हिरवा, त्यावर पिवळे ठिपके. मागच्या वर्षी म्हातारी गेली. शेवटचे चार महिने अंथरुणात होती, घरातल्या सगळ्या साड्या तिच्याखाली घालायला फाडल्या. एकही उरली नाही. "बाकीचे चार नाही मिळाले तरी चालेल," ती म्हणाली, "पण तो पाहिजे. पणजीचं काहीतरी असू दे बाळाच्या अंगाखाली."

तिथून तडक वहिनींकडे गेले. आता घाबरायला काय उरलं होतं? दारातच म्हटलं, "हिचे पाच तुकडे द्या."

"कसले तुकडे?" त्यांना आठवायलाच वेळ लागला. "अगं, ते होय! चार तर फरशी पुसण्यात संपले. एक असेल बघ मशीनच्या खणात."

हॉलमधलं मशीन, आमच्या सगळ्यांच्या वापरातलं. खण उघडला. तेलाची बुधली आणि तिच्या बाजूला काळी चिकट घडी. तेल घालून झालं की त्या घडीनं सुईखालची पट्टी पुसायची. मी घडी उलगडली. आतल्या बाजूला, तेल कमी पोचलेलं तिथे, हिरवं. पिवळे ठिपके.

मग मात्र मी तोंड सोडलं. तीन वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. लाज नाही वाटली का, माणसाच्या घरचं कापड आहे हे, तुमच्या आईचं असतं तर पुसलं असतं का मशीन, काय काय बोलले. शेजारचं दार उघडलं तरी थांबले नाही. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि पदर सावरत म्हणाल्या, "एवढ्या चिंधीसाठी इतका थयथयाट! आणि तेल घालायचं काम कुणाकडे होतं गं? पुसत तर तूच होतीस की."

खरं होतं. मांडणी माझी, मशीनची निगाही माझ्याचकडे. दर गुरुवारी ती घडी माझ्याच हातात असायची, आणि तीन वर्षांत ती एकदाही उलगडून बघितली नाही.

घरी येऊन तुकडा सोड्यात उकळला. साबण लावून तीनदा घासला. रॉकेलमध्येसुद्धा भिजवला. मशीनचं मुरलेलं तेल ते, जातंय कुठलं! हिरवं थोडं उजळलं, पण मधोमध हाताएवढा काळा डाग राहिला तो राहिलाच, आणि रॉकेलचा वास वर. रविवारी सकाळी तो तसाच घेऊन गेले. तिनं दारातच घेतला, उजेडाकडे धरला, डागावरून बोट फिरवलं. नाकाला लावला आणि लगेच लांब केला.

"कुणी केलं हे?"

वहिनी, असं जिभेवर आलेलं. अर्धं खरंही होतं ते.

"मी," म्हटलं. "मशीन पुसायचे यानं. मला माहीत नव्हतं."

तिनं तुकड्याची घडी घातली. मी उंबऱ्याबाहेरच उभी होते. तिनं या म्हटलं नाही. आतून लेकीनं विचारलं, "आई, कोण आलंय गं? ताई मावशी का?"

"नाही गं," ती म्हणाली, "मंडळातली बाई आहे एक."