वरच्या मातीचे दोन परस

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही. सांगणार तरी कशी? ज्याला सांगावी तो पुढे कुणाला सांगणार नाही, याची हमी कोण देतं? मी जन्माचा संशयी माणूस. दूधवाला माप ओतायला लागला की मी त्याच्या अंगठ्याकडे बघतो. शेजारी हळू आवाजात बोलायला लागले की माझंच काहीतरी चाललंय असं मला वाटतं. लोक हसतात माझ्या या खोडीला. हसोत बापडे. ती एवढी का वाढली, ते त्यांना ठाऊक नाही.

तीस वर्षं झाली त्याला. पहिली जर्मन लढाई चालू होती. मुंबईचे एक प्राध्यापक धुळ्याला आले होते. देशीच माणूस, पण आम्ही त्यांना साहेबच म्हणायचो. खानदेशातल्या काळ्या दगडात कुठे काय सापडतं, याचा शोध घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं. देवपुरात पांझरा नदीच्या काठी दोन खोल्या घेऊन त्यांनी प्रयोगशाळा थाटली होती. त्यांना मुख्यतः हवा होता एक पाणीदार स्फटिक. कागदावर रेघ ओढायची, स्फटिक वर ठेवायचा — खाली एकाच्या दोन रेघा दिसल्या पाहिजेत. तसला निर्मळ दगड कसल्याशा भिंगाच्या यंत्रांना लागतो आणि लढाईमुळे तो परदेशातून येईनासा झालाय, एवढं मला कळलं होतं.

मी त्यांचा कारकून. नमुन्यांच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या बांधायच्या, कोण कुठून काय घेऊन आलं ते नोंदवहीत लिहायचं. आणि आणखी एक काम होतं — तेच या गोष्टीच्या मुळाशी आहे. साहेबांना अहिराणी ओ की ठो कळत नसे. माझं गाव यावलकडचं, पण आजोळ धुळ्याजवळ, त्यामुळे मला ती चांगली यायची. खेड्यातली माणसं बोलायची, मी साहेबांना सांगायचो. साहेब बोलायचे, मी त्यांना सांगायचो. मधला माणूस मी. मधल्या माणसावर कुणी संशय घेतो का हो? घ्यावा, असं माझं आता मत आहे.

एके सकाळी झिपरू आबा आले. विहिरी खोदण्यात जन्म गेलेला माणूस, पन्नाशीचा, बोटं सुरुंगाच्या दारूने काळवंडलेली. साक्रीकडच्या एका गावात त्यांनी विहीर खोदली होती, तिच्यात सापडलेले चार स्फटिक धोतराच्या फडक्यात बांधून आणले होते. मी म्हटलं, बघू. तर ते गाठ सोडीनात. साहेब आल्यावरच दाखवीन म्हणाले. झालं! माझ्या डोक्यात किडा वळवळला. काय लपवतोय हा? कुणाच्या घरातून आणले असतील? हा दगड इतका नाजूक असतो की जरा घासला तरी चरा पडतो, म्हणून ते मला हात लावू देत नव्हते. हे मला फार पुढे कळलं.

साहेबांनी रेघ ओढली, दगड ठेवला. दोन रेघा, अगदी स्वच्छ. साहेब खुर्चीतून उठलेच. ती विहीर आता पाण्याने भरली होती आणि बागायत सुकेल म्हणून गावचा पाटील ती उपसू देत नव्हता. पण दगडाची शीर शेजारच्या पडीक जमिनीत शिरलीय, असं आबांचं म्हणणं होतं. तिथे चाचणीचा खड्डा घ्यावा. किती खोल, मी विचारलं. पाच परस, ते म्हणाले. परस म्हणजे उभ्या माणसाइतकी खोली. मी वहीत लिहिलं, जमिनीपासून पाच परस. ‘जमिनीपासून’ हा शब्द त्यांचा नव्हता. तो मी घातला. का घातला? आमच्या यावलकडे तापीचा गाळ. विहिरीला खडक लागतच नाही, नुसती मातीच माती. तिथे परस वरूनच मोजतात. दुसरीकडून मोजत असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शिवाय माझं लक्ष त्या फडक्याच्या गाठीवर होतं.

खड्डा सुरू झाला. आबा आणि त्यांची दोन माणसं. स्फटिकाला तडे जाऊ नयेत म्हणून साहेबांनी सुरुंगाला मनाई केली होती, सगळं छिन्नी-हातोड्याने. माती आणि मुरूम दोन परस गेला, मग खडक. दोन महिने ठाकठूक चालली. मी रोज काठावर बसून आबांवर पाळत ठेवायचो. ते जेवायला बसले की त्यांची पिशवी चाचपायचो — खड्ड्यात टाकायला गुपचूप स्फटिक तर आणत नाहीत ना? पिशवीत भाकरी, मिरच्या आणि तंबाखू. मिळालं नाही म्हणून संशय जातो का? उलट वाढतो. माणूस पक्का दिसतोय, असं वाटतं.

पाच परस झाले. खाली काळा, कोरा दगड. एक पांढरा ठिपकासुद्धा नाही.

साहेबांना महिनाअखेरीस मुंबईला परतायचं होतं. ते काठावर येऊन उभे राहिले, चेहरा पडलेला. गावचे पाचपन्नास लोक जमले होते. आबा खालून वर आले, अंगावर दगडाची भुकटी, आणि शांतपणे मला म्हणाले, “भाऊ, आखो दोन परस खाल जावं लागी. वरली माटी आम्ही मोजतस नही. खडक लागना का तठून परस धरतस. साहेबले सांगा.”

मला त्या क्षणी कळलं. कळलं नाही असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही — लख्ख कळलं. माणूस खरा होता. त्यांचे पाच परस खडकापासूनचे होते, माझी वही चुकली होती. आणि साहेब त्या वहीवर खूश होते. मुंबईच्या प्रयोगशाळेत नमुन्यांच्या खोलीवर मला कायमचं घेणार, असं आठच दिवसांपूर्वी म्हणाले होते. काय म्हणतोय तो, साहेबांनी विचारलं.

मी सांगितलं, “आणखी दोन परस खणा म्हणतोय.”

एवढंच. माती, खडक, त्यांची मोजायची रीत — काही नाही. जे सांगितलं त्यात एक शब्द खोटा नव्हता, ही माझी हुशारी! साहेब कडवट हसले. खोदत राहा म्हणणारे असले लोक त्यांनी पुष्कळ पाहिले होते. तुला काय वाटतं, त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, दगड दुसरीकडून आणले असावेत, मला पहिल्यापासूनच संशय होता. संशय पहिल्यापासून होता हे खरंच होतं, पण आता तोही उरला नव्हता.

आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. आम्ही इंग्रजीत बोलत होतो, ते त्यांना कळलं नसावं. साहेबांनी पाटलाला सगळ्यांसमोर सांगितलं, हा माणूस फसवा आहे. अहवालातही तसं एक वाक्य आलं आणि ते मीच, माझ्या वळणदार अक्षरात, स्वच्छ उतरवून काढलं.

विहीर खोदणारा माणूस नावावर जगतो. इथे खडक लागेल, इथे पाणी लागेल, असं तो म्हणतो आणि त्या शब्दावर शेतकरी जमीन फोडायला काढतो. आबांचा शब्द गेला. त्या भागात त्यांना पुन्हा कुणी विहिरीवर बोलावलं नाही. मी मुंबईला गेलो, कायम झालो.

आठ वर्षांनी रजेवर धुळ्याला आलो तेव्हा ऐकलं की पाटलाच्या पुतण्याने तो खड्डा विहिरीसाठी पुढे खोदायला घेतलाय. मी गेलो. मला राहवेना. काठावर ढिगारा होता आणि त्यात सुरुंगाने फुटलेले स्फटिक, मूठमूठभर, सगळे तडकलेले. मी दोर सोडून खोली मोजली. जमिनीपासून सात परस. साहेब तेव्हा निवृत्त होऊन परगावी राहत होते, पण हयात होते. एक पत्र पुरलं असतं. मी लिहिलं नाही.

परतताना देवपुरात रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसं बसली होती. त्यांतल्या एकाने हातोडा खाली ठेवला. झिपरू आबा. मी ओळख न दाखवता पुढे जाणार होतो, पण त्यांनी हाक मारली. शीर निघाल्याची बातमी त्यांच्या कानावर आली होती. मला वाटलं, आता हे चारचौघांत माझं माप काढणार. पण ते उठले, जवळ आले, आणि अगदी हळू विचारलं, “भाऊ, वरली माटी मोजतस नही, हाई तुम्ही साहेबले सांगं व्हतं ना?”

बघा, आठ वर्षं त्यांनी एवढाच प्रश्न जपून ठेवला होता. आणि मी? मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, “सांगं व्हतं, आबा. साहेबनी ऐकं नही.”

त्यांचा चेहरा सैल पडला. “मंग तुमना काय दोस शे?” ते म्हणाले. “तुम्ही तं सांगं.”

पहिल्या वेळी मी घाबरलो होतो. या वेळी घाबरायचं काय होतं? नोकरी पक्की होती, साहेब लांब होते, समोर खडी फोडणारा एक म्हातारा. तरी मी खोटं बोललो, आणि किती सहज बोललो! तेव्हापासून समोरचा माणूस सरळ बोलायला लागला की माझा संशय बळावतो. सरळ बोलून काय काय लपवता येतं, ते मला माहीत आहे.

झिपरू आबा त्यानंतर दोन वर्षांनी वारले. शेवटपर्यंत त्यांच्या लेखी साहेब वाईट होता आणि मी चांगला. त्या दिवशी निघताना, आपलं म्हणणं मी साहेबांपुढे मांडलं म्हणून, रस्त्यावर सगळ्यांसमोर त्यांनी मला हात जोडले. मीही हात जोडले, आणि घरी गेलो.