तिनं मारलेली गाठ

दवाखान्याच्या बाकावर एक म्हातारी नवऱ्याच्या मास्कची गाठ सोडत होती. "अहो, मान खाली घाला की." तो लाडावल्यासारखा वाकून बसला. मला त्याचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

करोनाची साथ आली तेव्हा आधी सांगितलं रुमाल चालेल, मग दोन मास्क लावा, आता म्हणतात नसला तरी चालेल. माझ्या हिनं जुन्या लुगड्याचा मास्क शिवला आणि मागं गाठही तीच मारायची. "तुमची गाठ बैलाच्या दाव्याची, सुटायचीच नाही," म्हणायची. त्याच साथीत ती गेली. तिची शेवटची गाठ न सोडताच मी मास्क डोक्यावरून घालतो, तसाच धुतो.

म्हातारा मोकळ्या तोंडानं हसला. "पाव्हणं, तुम्हीबी सोडा की आता."

म्हटलं, "तुमची सोडायला माणूस आहे. माझी गाठ मारणारी गेली."