सदाशिवरावांचं फाटक

सदाशिवराव दिल्लीच्या इस्पितळात वारले, ही बातमी मला आमच्या तळेगावच्या सोसायटीच्या ग्रुपवर कळली. कुणीतरी जोडलेले हात टाकले, दुसऱ्याने मेणबत्ती, आणि तासाभरात ज्यांनी त्यांना कधी मत दिलं नव्हतं तेही पोरके झाले. मी चहा घेत होतो. तो शांतपणे संपवला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू... पण ते एवढ्याचसाठी की आता हा माणूस माझ्या तावडीतून सुटला. संपादकांचा फोन आला, “सर, तुम्ही त्यांचे बालमित्र. जिव्हाळ्यानं लिहा.” लिहितो म्हटलं. जिव्हाळ्याचं आश्वासन मी दिलेलं नाही.

आमचं गाव बेडशाच्या लेण्यांखालच्या पट्ट्यातलं. सदाचं घर गावातलं मोठं शेतकऱ्याचं, माझं वस्तीतलं, बौद्धांचं. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्याला भाषणाचं भलतंच वेड. सुट्टीच्या दिवशी तो मला लेण्यात घेऊन जायचा, कारण तिथं आवाज घुमतो. मी एकटा श्रोता, आणि हा खांबांना “बंधू आणि भगिनींनो” म्हणून हाक मारायचा. मी टाळ्या वाजवायचो, त्या टाळ्याही घुमायच्या आणि सदा खूष व्हायचा. त्याच्याइतका गोड बोलणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही, हे शत्रू म्हणूनही मान्य करतो. पुढे तो जिल्हा परिषदेत गेला, मुंबईला गेला, दिल्लीला गेला, मंत्री झाला. मी तळेगावात मास्तर झालो. समता या विषयावर त्याला देशभरातून बोलावणी येत. गावी आला की मात्र तो मला बंगल्याच्या ओट्यावर बसवायचा, आणि चहा बाहेरच यायचा.

वस्तीचं स्मशान नदीकडेला आहे. तिथं जायची जुनी गाडीवाट सदाच्या खाचरांच्या कडेनं जाते. मंत्री झाल्यावर त्यानं तिथं फार्महाऊस बांधलं, तारेचं कुंपण घातलं आणि आमच्या वाटेवर लोखंडी फाटक बसवलं. उन्हाळ्यात फारसं अडत नाही, लांबच्या वळशानं जाता येतं. पावसाळ्यात तो वळसा ओढ्यातून जातो, आणि मावळातला ओढा पावसाळ्यात कसा असतो हे मावळात राहणाऱ्याला सांगायला नको.

माझी आई श्रावणात गेली. तिला खांद्यावर घेऊन आम्ही फाटकापाशी आलो तर कुलूप. आत गाड्या उभ्या होत्या, मटणाचा वास येत होता. राखणदार मान खाली घालून म्हणाला, “साहेबान्ला इचारा.” मी तिथूनच सदाला फोन लावला. तो आतच होता, पन्नास पावलांवर.

“गौत्या, वाईट झालं रं,” तो म्हणाला. “म्हातारीनं लय भाकरी घातल्या मला. पन आज बाहेरचे पाव्हणे हायेत. फाटकातनं मयत न्हाई न्यायचं. वढ्यानं जा की.”

आम्ही ओढ्यानं गेलो. पाणी कमरेवर होतं. मध्यावर पुढच्या दोघांचे पाय घसरले आणि तिरडी कलली... आईचा चेहरा पाण्यात गेला. मी तो तिच्याच लुगड्याच्या पदरानं पुसला. माझ्यावर आलेल्या सगळ्या दिवसांत तो एक दिवस मी कुणालाही माफ केलेला नाही.

पुढच्याच अधिवेशनात सदा संसदेत बोलला. मी टीव्हीवर पाहत होतो. एका दलित मातेचं प्रेत ओढ्याच्या पाण्यातून कसं न्यावं लागलं ते त्यानं सांगितलं, कललेल्या तिरडीसह. मी ते गावात रडत रडत सांगितलं होतं, त्याच्या कानावर गेलं असणार. “त्या तिरडीला मीही खांदा दिला होता,” असं म्हणून त्यानं चष्मा काढला, डोळे पुसले. विरोधी बाकांवरचेही गहिवरले. फाटकाचा उल्लेख भाषणात नव्हता.

मी फोन केला, तोंडाला येईल ते बोललो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आरं, तुज्या आईचं नाव पार दिल्लीपतुर न्हेलं म्या. आनि काय पायजे तुला?”

त्यानंतर आम्ही बोललो नाही. वस्तीनं अर्ज केले, मोर्चा काढला, पण फाटक जागेवरच राहिलं.

सदाच्या दहाव्याला मी मुद्दाम गेलो. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पुढाऱ्यांची भाषणं झाली, पिंड ठेवले, आणि कावळा काही शिवेना. समोरच्या उंबरावर पाचसहा बसले होते, पण एकही खाली येईना. आमच्या घरातून पिंड आणि कावळा छप्पन्न सालीच गेले, पण रीत मला ठाऊक आहे. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली. घरच्यांनी ती मोठ्यानं बोलून पुरी करायचा शब्द द्यायचा. सदाचा मुलगा विक्रम पिंडांपाशी उभा होता, त्याचे चुलते ओरडले, “इक्रमला दिल्लीला धाडू!” जिल्ह्याच्या नेत्यानं पुतळा जाहीर केला. वहिनी रडत म्हणाल्या, “नातीचं लगीन थाटात करू.” कावळे ढिम्म.

मग मी माईक मागितला. बालमित्र म्हणून लगेच मिळाला.

“सदा,” मी म्हणालो, “आमच्या स्मशानाची वाट मोकळी करायची तुझी इच्छा राहिली. अख्ख्या देशासमोर तू रडला होतास. तुझा विक्रम तुझं फाटक काढील.”

सगळ्यांचे डोळे विक्रमकडे वळले. डोकं भादरलेलं, ओलं धोतर, हात जोडलेले... त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की माझं मन निवलं. चुलते त्याच्यावर खेकसले, “आरं हो म्हन की! ऊन चडलं!” त्यानं ओठ आवळून “काढतो” म्हटलं. तेवढ्यात एक कावळा उतरला. त्याला भूक लागली असणार. घाटावरच्या लोकांनी मात्र हात जोडले.

काल विक्रमचा फोन आला. “काका, त्या वेळी बोलून गेलो. फार्महाऊसचा सौदा चाललाय, वाट दिली तर गिऱ्हाईक मोडेल. तुम्ही बाबांवर लिहिताय म्हणे. घाटावरचं तेवढं गाळा.”

“लेखात तेच आहे,” मी म्हणालो.

वस्तीतली सखूआत्या महिनाभर अंथरुणावर आहे. डॉक्टरांनी हात टेकलेत. परवा तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “गौतम, मला वढ्यातनं न्हिऊ नका रं. तुज्या आईचं बगितलंय मी.” बाहेर पाऊस लागलाय, ओढा भरलाय. विक्रमला मी फोनवर सांगितलं तेच इथं छापून देतो, म्हणजे त्याला पुन्हा बोलून गेलो म्हणता येणार नाही. आत्या गेली की आम्ही ओढ्याकडे वळणार नाही. तिला फाटकासमोर उतरवू आणि सगळी वस्ती तिच्याभोवती बसेल. कुलूप निघेल तेव्हा निघेल. आम्हाला घाई नाही, आणि तेव्हा आत्यालाही नसेल.