स्वतःच्या बोटीतला पॅसेंजर

बंदरात माझ्या मामाला सगळे 'भोंगा' म्हणायचे. लाँचचा भोंगा बिघडला तर कारागीर बोलवायची गरज नाही, मामाला पुढे उभं करायचं आणि तुझ्या डब्यातली भाजी कुणीतरी खाल्ली असं सांगायचं, पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत ऐकू जातं, असा त्यामागचा विनोद. असा हा माणूस एक दिवस बंदराच्या ऑफिसातून घरी आला, चपला जागेवर काढल्या, पाय धुतले आणि खुर्चीत गप्प बसून राहिला. मामी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी बाहेर आली. तिला वाटलं, कुणीतरी गेलं.

गेलं कुणीच नव्हतं. मामाने विकत घेतलेली मोटरबोट त्याला स्वतः चालवत घरी आणता येणार नाही, एवढंच त्याला सांगण्यात आलं होतं.

त्याला हे का लागलं ते कळायला आधी मामा कळायला हवा. मोठं जहाज बंदरात शिरायचं तर त्याला वाट दाखवायला बंदराचा पायलट लागतो. त्या पायलटला बाहेर उभ्या असलेल्या जहाजापर्यंत नेऊन दोराच्या शिडीला लावायचं, हे मामाचं जन्मभराचं काम. लाटेबरोबर लाँच वर जाते, शिडीपाशी एक क्षण थबकते, तेवढ्यात साहेबाने पाय उचलायचा. तो क्षण चुकला तर साहेब जहाज आणि लाँच यांच्यामध्ये, म्हणजे जात्यात दाणा. मामाच्या हातून एकही दाणा भरडला गेला नाही. साहेब वर चढून गरम चहा प्यायचे आणि मामा रिकामी लाँच घेऊन परत यायचा. लाँच बंदराची, डिझेल बंदराचं, अंगावरचा रेनकोटसुद्धा बंदराचा. एकदा तरी आपली बोट असावी, सुकाणूच्या चाकावर आपला हात असावा आणि मागे कुणी साहेब बसलेला नसावा, एवढीच त्याची हौस.

निवृत्त झाल्यावर त्याने किनाऱ्याने बरंच वर असलेल्या एका बंदरात, एका मासळीच्या व्यापाऱ्याची बोट पाहिली. मी बरोबर होतो. लाकडी, रुंद पोटाची, पुढे एवढीशी केबिन, रंगाचे पोपडे उडालेले. मामाने रंगाकडे पाहिलंच नाही. इंजिन चालू करायला लावलं आणि डॉक्टर पाठीला कान लावतो तसा त्याच्यापाशी वाकून राहिला. मग उठून म्हणाला, "खोकला नाही. घेऊ."

घेतली. आता ती आणायची, आणि वारा फिरायच्या आत आणायची. वारा फिरला की छोट्या बोटींना कुठलंच बंदर बाहेर सोडत नाही. व्यापाऱ्याला धक्क्यावरची जागा रिकामी हवी होती. तोवर नेली नाहीत तर व्यवहार मोडला समजा, असं त्याने तोंडावर सांगितलं होतं. दुसरं गिऱ्हाईक त्याने बघून ठेवलेलंच असणार, त्याचे डोळेच तसे होते.

आणि अशा वेळी ऑफिसात नियम निघाला. ठरावीक वयानंतर परवाना नवा होत नाही. बोटीवर परवानावाला माणूस हवा आणि बोट त्याच्या जबाबदारीवर निघायला हवी. हे सांगणारा अधिकारी कोण, तर उमेदवारीच्या दिवसांत ज्याने मामाच्या लाँचमध्ये, मामाच्याच बुटात, सकाळचा नाश्ता परत केला होता तोच. तेव्हा मामाने त्याची पाठ चोळली होती आणि बूट समुद्रात धुतले होते. आज तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "काका, तुम्ही या ना. पॅसेंजर म्हणून या."

मामाला वाचा फुटली ती घरी, आणि फुटली तेव्हा काचा हलल्या. "आपलीच मोरी आणि मुतायची चोरी!"

मामी म्हणाली, तोंड सांभाळा, शेजारी जेवायला बसलेत.

घरात परवाना असलेला एकच माणूस होता, मामाचा जावई. तो नदीच्या मुखाशी या तीरावरून त्या तीराला माणसं नेणारी फेरीबोट चालवतो. शांत, नेमका आणि खिळ्यासारखा हट्टी. त्याच्या माघारी मामा म्हणायचा, "तो बोट चालवतो कुठे? लिफ्ट चालवतो, लिफ्ट. फक्त आडवी." पण जावयासमोर मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्याला कारण मामी. लग्नानंतर पहिल्याच वर्षी इंजिनाच्या तेलावरून सासरा-जावयाची अशी जुंपली होती की मुलगी रडत घरी आली होती. तेव्हा मामीने नियम घातला, दोघांनी एकमेकांशी वादाचं काही बोलायचं नाही, जे असेल ते मला सांगायचं. गेली कित्येक वर्षं त्या घरात हाच कारभार चालू आहे. जेवणाच्या टेबलाच्या या टोकाला मामा, त्या टोकाला जावई, आणि मध्ये मामी, टेलिफोनच्या तारेसारखी.

तर जावई आला, तेही कुरकुर न करता, हे मला इथे सांगायलाच हवं. टेबलावर समुद्राचा नकाशा पसरला. एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, दुसऱ्यावर मामाच्या चष्म्याची डबी, तिसऱ्यावर कात्री आणि चौथ्यावर मामीचा जड पोळपाट. बेत ठरेपर्यंत तो उचलायचा नाही, असा मामाचा हुकूम. म्हणून आठवडाभर त्या घरात सगळे ताट मांडीवर घेऊन जेवले आणि मामी पोळ्या ओट्यावर लाटत राहिली. तिने काही म्हटलं नाही. मला मात्र तेव्हाच कळायला हवं होतं की ती काही म्हणत नाहीये.

भांडण होतं नाकाचं. वाटेत जमिनीचं एक टोक समुद्रात लांब शिरलं आहे, त्याला सगळे नाक म्हणतात. मामाचं म्हणणं, नाकाच्या अलीकडच्या खाडीत रात्री मुक्काम करायचा आणि सकाळी वारा उठायच्या आत नाकाला वळसा घालायचा. जावयाचं म्हणणं, मुक्काम कशाला, पहाटे निघालो की बाहेरून सरळ रेषेत संध्याकाळपर्यंत घरी.

"सांग त्यांना," मामा जावयापासून हातभर अंतरावर बसून म्हणाला, "दुपारच्या वाऱ्याने नाकाशी पाणी उभं राहतं, लाटांच्या भिंती होतात."

शेंगा सोलत मामी म्हणाली, "पाणी उभं राहतं म्हणतात."

"आई, बाबांना म्हणावं, हवेचा अंदाज चांगला आहे."

"अंदाज चांगला आहे म्हणतात."

"त्यांना विचार, अंदाज देणारा बोटीत येणार आहे का."

हा प्रश्न मामीने पोचवला नाही. शेंगेतला किडका दाणा काढून बाजूला टाकावा तसा टाकून दिला. असे किती दाणे तिने वर्षानुवर्षं टाकले असतील देव जाणे.

असंच वाटेत जाळी बांधायला समुद्रात रोवलेल्या खुंटांचं, असंच जादा डिझेलचं, असंच कुठल्या धक्क्याला पाणी भरायचं याचं. दोघेही खोटं बोलत नव्हते आणि दोघेही पुरतं बोलत नव्हते. मला राग येत होता. दोन धडधाकट पुरुष, एकाने जन्म समुद्रावर काढलेला, दुसरा रोज शेकडो जीव पार करणारा, आणि डावीकडून जायचं की उजवीकडून हे ठरवायला त्यांना तिसरीचं तोंड लागावं!

शेवटी जावयाने चांगल्या मनाने एक गोष्ट सुचवली आणि तिनेच घात केला. तो म्हणाला, "आई, बाबांसाठी केबिनमध्ये गादी टाकू. उन्हात त्रास नको."

मामीने हे सांगायची गरजच उरली नाही. मामा उठला, त्याने पोळपाट उचलला आणि नकाशाची गुंडाळी केली. गादीवर झोपवून न्यायला मी काय आजारी म्हातारा आहे? बोट तिथेच कुजू दे, व्यापाऱ्याच्या घशात जाऊ दे, मी जात नाही. हे सगळं मामीकडे बघत, पण खालच्या मजल्यापर्यंत पोचेल अशा आवाजात. जावयाचा चेहरा पांढरा पडला. तोही उठला आणि मामीलाच म्हणाला की बोट माझ्या नावावर निघणार, काही झालं तर माझा परवाना जाईल, नोकरी जाईल, मुलांच्या तोंडचा घास जाईल. बोटीवर माझा शब्द चालणार नसेल तर मीही येत नाही. खरं सांगायचं तर त्याचंही चुकत नव्हतं. तो दाराकडे निघाला आणि मामा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बोट गेली, असं मी मनात म्हटलं.

"बसा," मामी म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण भोंगा बसला आणि जावईसुद्धा, चप्पल एकाच पायात.

मामीने शेंगांची चाळणी खाली ठेवली. ती मामाला म्हणाली, "पॅसेंजर म्हटलं तर तुमच्या अंगाची एवढी आग झाली. मी तुमचा डबा घेऊन इतकी वर्षं धक्क्यावर उभी राहिले, उन्हात, पावसात. एकदा म्हणाले होते, मला बघू द्या हो, आतून कसं दिसतं ते. काय म्हणालात? नियम आहे, बंदराच्या लाँचवर घरच्यांना चढता येत नाही. तेव्हा नियम कसा गोड लागला तुम्हाला? आता स्वतःची बोट घेतलीत. कुठे बसशील म्हणून विचारलंत मला? तुम्हाला निदान पॅसेंजर तरी म्हणाले. मला आजवर कुणी तेवढंसुद्धा म्हटलं नाही."

मामाने टेबलावरची मिठाची बरणी उगाच सरळ केली.

"आणि मुक्काम कशासाठी ते मी सांगते," ती जावयाकडे वळली. "पाणी उभं राहतं ते खरंच. पण ह्यांचे गुडघे दिवसभर चाकाशी उभे राहात नाहीत आता. मला म्हणाले, त्याला सांगू नकोस. आणि तुम्ही मुक्काम का नको म्हणता, तर रजा दोनच दिवसांची, त्यातला एक तिथवर पोचण्यातच जातो. तुम्हीही मला म्हणालात, बाबांना सांगू नका. ह्याचं त्याला सांगू नको, त्याचं ह्याला सांगू नको! मी माणूस आहे की कोनाडा, येता-जाता काहीही ठेवून द्यायला?"

मामाचे कान लाल झाले. गुडघ्यांची गोष्ट अशी टेबलावर, जावयासमोर, शेंगांच्या सालांत पडली होती. जावई नकाशाच्या गुंडाळीकडे बघत होता. तो म्हणाला, "रजा वाढवून मागता येईल. मला कुणी कारण सांगितलं असतं तर कालच मागितली असती." आणि मग, त्या तेलाच्या भांडणानंतर बहुधा पहिल्यांदाच, सरळ मामाला, "मधे मधे मी धरीन चाक, बाबा. नाकाशी तुम्ही धरा."

"आणि शब्द कुणाचा?" मामा गुरगुरला. त्याला हरण्यापेक्षा हे जास्त सलत होतं. "हा म्हणणार डावीकडे घ्या, आणि मी माझ्याच बोटीत घ्यायचं?"

यावर मामीने जे काढलं ते तिचं नव्हतंच, मामाचंच होतं. लाँचवरून आल्यावर जेवताना मामा नेहमी एक गोष्ट ऐकवायचा, इतक्यांदा की आम्हा भाच्यांना पाठ झाली होती. मोठ्या जहाजावर तीन माणसं असतात, पायलट वाट सांगतो, सुकाणी चाक धरतो, आणि जहाज खडकावर गेलं तर जाब कप्तानाला. तिघांना तीन कामं, म्हणून जहाज चालतं. तिन्ही एकाने केलं की बुडतं.

"तुम्हीच सांगता ना?" मामी म्हणाली. "मग झालं तर. चाक तुम्ही धरायचं. जाब जावईबापूंचा. म्हणजे थांबा म्हणाले की थांबायचं. आणि सांगणार मी. इतकी वर्षं ह्या टेबलावर फुकट सांगत आलेय, तिथे बसून सांगेन. मी येतेय. गादी माझ्यासाठी टाका."

जावई म्हणाला, नियमाला परवानावाला हजर आणि जबाबदार हवा, चाकावर हात कुणाचा हे कुठे म्हटलेलं नाही. माझ्या फेरीबोटीवरसुद्धा मोकळ्या पाण्यात खलाशीच चाक धरतो. मामाने नकाशा पुढे ओढला. मग त्याने गुंडाळी उलगडली, मिठाची बरणी ठेवली, चष्म्याची डबी ठेवली, कात्री ठेवली. पोळपाटाला हात लावला आणि मामीकडे पाहिलं. तिने पोळपाट काढून घेतला. चौथ्या कोपऱ्यावर त्याने स्वतःचं कोपर ठेवलं.

आम्ही बसने त्या बंदरात गेलो. डिझेल भरायला मी, पाण्याचे डबे उचलायला मी, धक्क्यावरून दोर सोडायलाही मीच. पहाटेचं पाणी शांत होतं. व्यापारी तोंडात काडी घालून बघत उभा होता, त्याला बोट जाताना पाहून बरं वाटत नव्हतं आणि मला त्याचं बरं न वाटणं बघून फार बरं वाटत होतं. मामा चाकाशी, जावई त्याच्या मागे उभा, आणि मामी केबिनच्या दारात गादीवर, थर्मास मांडीत धरून, पदर खोचून. तिने एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. आतून कसं दिसतं ते पाहात असावी. तिला ते विचारण्याएवढा मी मूर्ख नाही.

चौथ्यासाठी जागा आहे का, हे आठवडाभरात कुणी मला विचारलं नव्हतं. मीही दोर हातात असताना विचारायला गेलो नाही. मला बस होती.

बोट धक्क्यापासून सुटली, वळली, तोंड बाहेरच्या पाण्याकडे झालं. जावई वाकून मामीला काहीतरी म्हणाला. मामीने मामाकडे वळून काहीतरी सांगितलं. तोवर बोट बरीच लांब गेली होती, इंजिनाचा आवाजसुद्धा विरत चालला होता, पण उत्तर मात्र पाण्यावरून सरळ धक्क्यावर आलं, इतकं स्पष्ट की व्यापाऱ्याच्या तोंडातली काडी पडली.

"ऐकलं मी! डावीकडेच घेतोय!"